बिनफावड्याच्या बाई

इनामदारबाई कामाला निघाल्या की त्यांच्या अंगावर लोखंडाचा कण नसे. साडीला पिन नाही, केसांत आकडा नाही, पोलक्याला हुकांच्या जागी कापडी बंद. चपला त्या खिळे न मारता नुसत्या शिवून घेत, आणि दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता घरी आल्यावर तळव्यांवरून लोहचुंबक फिरवून बघत. चष्म्याच्या काडीचा बारीक स्क्रू काढून तिथे त्यांनी दोरा ओवला होता. त्यामुळे चष्मा कायम एका बाजूला कललेला असायचा आणि बाई समोरच्याकडे संशयानं बघताहेत असं वाटायचं. बरेचदा ते खरंही असायचं.

हा सगळा खटाटोप यंत्रासाठी. जमिनीच्या पोटात एखादी भिंत, चूल किंवा बुजलेला खड्डा असला, की तिथल्या मातीचं चुंबकत्व आजूबाजूपेक्षा अगदी किंचित वेगळं असतं. तो किंचित फरक बाईंचं यंत्र पकडायचं. पाठीवर पेटी, हातात माणसाच्या उंचीची लाकडी काठी आणि काठीच्या टोकाला बाटलीएवढं नळकांडं. बाई ती काठी घेऊन शेतात ताणलेल्या सुतळीच्या कडेनं चालायच्या, ठरावीक अंतरावर थांबायच्या, आकडा सांगायच्या, पुढे सरकायच्या. दिवसभर हेच. खणायचं नाही, खरवडायचं नाही, ढेकूळसुद्धा हलवायचं नाही. मग ते आकडे आलेखाच्या कागदावर मांडले की खाली गाडल्या गेलेल्या वस्तीची पुसट रेघ उमटायला लागायची. मात्र एवढ्या तिखट कानाच्या यंत्राजवळ साधी टाचणी आली, तर ते जमिनीचं सोडून टाचणीचंच सांगत बसे.

त्यातून बाईंच्या वडिलांचं बोहरी आळीत खिळे, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंड्यांचं दुकान. इनामदार मंडळी पुण्यात कित्येक पिढ्यांची. घरात दख्खनी बोलत, बाहेर मराठी, आणि बाईंची मराठी अशी की सदाशिव पेठेतल्या माझ्या मामांनी एकदा त्यांच्याशी वाद घातला आणि नंतर आठवडाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. "अब्बांनी जन्मभर लोखंड विकलं, त्यावर मी शिकले," बाई म्हणायच्या. "माझी तक्रार नाही. फक्त आता त्यानं मला कामापुरतं तरी एकटं सोडावं."

मी विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात उत्खनन शिकवत होतो. बाई भौतिकशास्त्रातून आमच्याकडे आलेल्या, माझ्याहून वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या. आमच्याकडची सगळी मंडळी मातीत हात घातलेली. कुणाच्या नावावर कुठली टेकडी खणल्याचं, कुणाच्या नावावर कुठलं लेणं साफ केल्याचं पुण्य. त्यांत या बाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात एक टोपली माती उपसली नव्हती. साहजिकच कुणीतरी त्यांचं नाव 'बिनफावड्याच्या बाई' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "चला, माझ्याकडे फावडं नाही हे तरी विभागाच्या लक्षात आलं. तीन वर्षं मागतेय ती खुर्ची नाही, हेही येईल हळूहळू."

माझ्याशी त्यांचा एक कायमचा वाद होता. मी म्हणायचो, डोळ्यांनी बघितल्याशिवाय काय खरं? त्यावर त्या म्हणायच्या, "अहो लेले, तुमचं शास्त्र म्हणजे पोस्टमॉर्टेम आहे. पेशंट जिवंत असला तरी तुम्ही आधी चिरता आणि मग विचारता, याला होत काय होतं. एकदा खणलंत की ती जागा संपली. उद्या तुमच्याहून शहाणा माणूस जन्माला आला तर त्यानं काय बघायचं? तुमचे फोटो?" मी चिडायचो. पण खणायला जाताना माझा हात पहिल्यासारखा बेधडक पडेनासा झाला, हेही खरं.

एकदा विभागप्रमुख साहेब काम बघायला शेतावर आले. बूट, पट्टा, खिशात किल्ल्यांचा जुडगा, हातात मोठी लोखंडी टोकाची छत्री. ते थेट सुतळ्यांच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि कौतुकानं विचारते झाले, "काय मग, सापडतंय का काही?" बाईंनी यंत्राकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, आपण आल्यापासून फार मोठा राजवाडा दिसायला लागलाय. जरा बांधापलीकडे उभे राहता का? नाहीसा होतो का बघू." साहेब गेले बांधापलीकडे. राजवाडा नाहीसा झाला. खुर्ची पुढेही बरीच वर्षं आली नाही.

यंत्राबद्दल मात्र त्या कधी फुशारकी मारत नसत. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगायच्या, "यंत्र एवढंच म्हणतं की इथे काहीतरी वेगळं आहे. काय आहे, ते म्हणत नाही. ते 'काय' आपण आपल्या मनातलं घालतो. म्हणून आधी मन झाडून घ्या, मग यंत्र हातात घ्या." आपल्याकडचा काळा दगड स्वतःच चुंबकी असतो, नुसती एखादी मोठी शिळा खाली असली तरी यंत्र भुलतं. म्हणून बाई एका यंत्रावर कधीच थांबत नसत. तीच जागा दुसऱ्या पद्धतीनं, जमिनीतून वीज सोडून, ती कुठे अडते आणि कुठे सहज जाते हे मोजून पडताळत. दोन्हींचं एकमत झालं तरच निष्कर्ष लिहीत, आणि तोही 'असावे' या क्रियापदानं संपवत.

पुढे जे घडलं त्याचं मूळ या पडताळण्याच्या सवयीतच होतं.

हडपसरच्याही पुढे, नदीच्या काठी एक खेडं होतं. आता तिथे महापालिकेची बस जाते, तेव्हा एस.टी. मुख्य रस्त्यावर सोडायची आणि पुढे चालत जावं लागे. गावाबाहेर एक बुटकी टेकडी होती, तिला लोक पांढरी म्हणत. जुनी वस्ती उठून गेली की तिच्या मातीच्या भिंती, राख, शेणकूट यांची जी भुरकट माती साठते, ती ही पांढरी. तिच्यावर सातवाहन काळातली खापरं पायाला लागत होती. ती बघून माझे हात शिवशिवत होते. विभागानं ठरवलं, आधी बाईंनी जमीन तपासायची, मग मी खणायचं. बाई म्हणाल्या, "आधी बघू. मग ठरवू. कदाचित असंही ठरवू, की नकोच."

ती टेकडी नामदेव नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीत होती. तिशी ओलांडलेला, उंच, हसताना तोंडावर हात धरणारा माणूस. त्यानं आनंदानं परवानगी दिली आणि पहिल्याच दिवशी सुतळी धरायला पुढे आला. बाईंचं लक्ष त्याच्या बोटातल्या काळ्या अंगठीकडे गेलं. घोड्याच्या नालेची होती.

"ही काढून ठेवा, नामदेवराव."

तो ओशाळला. "न्हाई काढता येत, बाई. मंतरलेली हाय."

"कशासाठी?"

त्यानं अंगठी बोटात फिरवली. बांधावर चहाची किटली घेऊन त्याची बायको सुमन उभी होती, तिनं मान खाली घातली. बाईंना कळलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. "असू द्या," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही बांधावर बसा. लांबून गप्पा मारू."

आणि तो खरंच रोज बांधावर बसायला लागला. आम्ही काम करायचो आणि तो तिथून ओरडून विचारायचा, "बाई, काय दिसतंय?"

"दिसत काही नाही. ऐकू येतंय थोडंसं."

"काय म्हनतंय?"

"म्हणतंय, इथं कुणीतरी पुष्कळ जाळ केला होता."

चहाच्या वेळी बाई स्वतः बांधावर जाऊन बसत. सुमनच्या हातच्या गुळाच्या चहाची चव त्यांना आवडे. सुमन लाजत लाजत यंत्राबद्दल विचारायची आणि बाई तिला वर्गात सांगाव्यात तशा सगळ्या गोष्टी सांगायच्या. लोकांना खरं सांगितलं की ती समजून घेतात, यावर बाईंचा पूर्ण विश्वास होता. माझाही होता.

टेकडीच्या उत्तरेकडच्या उतारावर यंत्रानं एका जागी एकदम उसळी घेतली. गोल, ठळक, आजूबाजूला कुठेच नव्हती अशी. बाईंनी तीच रेष पुन्हा चालून बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, जे फार क्वचित यायचं. त्याच दिवशी नामदेवनं विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "कुंभाराची भट्टी असावी. माती खूप तापली की तिच्यात चुंबकत्व मुरून बसतं. पण कदाचित नुसता मोठा धोंडाही असेल. पुढच्या आठवड्यात दुसरं यंत्र आणते, मग नक्की सांगते." आणि जागा परत शोधावी लागू नये म्हणून त्यांनी तिच्या चारी कोपऱ्यांवर बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि भोवती सुतळी बांधली.

मधे अमावस्या होती. ती आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात नव्हती. आम्हाला तिच्याशी काय करायचं होतं?

दुसरं यंत्र घेऊन आम्ही एस.टी.तून उतरलो ती सकाळ मला अजून दिसते. गावात शिरलो तर वाटेवर कुणी नाही. बाया उंबऱ्यात उभ्या, पण कुणी हाक मारेना. टेकडीजवळ माणसं जमली होती. बाईंनी बांधलेल्या सुतळीच्या आत एक खोल, सरळसोट खड्डा होता. कडेला कापलेली लिंबं, कुंकू, नारळाची शकलं. पांढरीची माती भुसभुशीत, राखेची. ती सरळ खोल खणली की कडा धरत नाही, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवतो. एक कड पूर्ण कोसळली होती. नामदेवचं प्रेत पहाटेच बाहेर काढून घरी नेलं होतं. तीन खुंट्या अजून जागच्या जागी उभ्या होत्या.

काय झालं ते गावच्या पोलीस पाटलानं मला बाजूला घेऊन सांगितलं. शेजारच्या गावचा कुणी देवऋषी होता, त्यानंच ती अंगठी दिली होती. तो म्हणाला, तुझ्या जमिनीत गुप्तधन आहे, त्याच्यावर बसलेला राखणदार तुझा वंश अडवून धरतोय. ते धन मोकळं केलंस की घर नांदतं होईल. नामदेव बरेच दिवस टाळत होता. मग आमचं यंत्र आलं. "आनि बाईनी तर जागा बांधूनच दिली," पोलीस पाटील म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. घडलं ते तो सांगत होता. देवऋषी खड्डा कोसळताच पळाला होता.

बाईंनी खांद्यावरची पेटी खाली ठेवली. माणसांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मला वाटतं त्यांना बरं वाटलं असतं. त्या घरी गेल्या. सुमन भिंतीला टेकून बसली होती. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या.

पोलिसांनी जबाब घेतले. बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. यंत्राला लोखंड कळतं, सोनं कळतच नाही, खाली भट्टी असावी. अंमलदारानं सगळं लिहून घेतलं, कागद बाजूला ठेवले, टेबलावरून पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आपल्यातच राहील. अंदाजे किती असेल?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. परतताना एस.टी.त त्या एवढंच म्हणाल्या, "मी मराठीतच बोलले ना, लेले?"

खड्डा बुजवण्याआधी नोंद करावी म्हणून विभागानं मला पाठवलं. मी पडलेली माती काढली, कडा साफ केल्या. उरलेल्या भिंतीत ती दिसली. भट्टीच होती. भाजून वीटकरी झालेलं गोल अस्तर, तळाशी राख, आणि अर्ध्या बाजूला कुंभारानं रचली तशीच मडक्यांची उतरंड. कधीतरी भट्टी पेटवून ती न उघडताच माणसं निघून गेली होती. दुसरी बाजू नामदेवच्या कुदळीनं चुराडा झालेली. खड्डा भट्टीच्या बरोबर मध्यावर आला होता. माझ्या सबंध आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट मला जमिनीत सापडली नाही, आणि तिची मापं मी वर मान न करता घेतली. बाई कडेला आल्या, वाकून बघितलं. "भट्टी," म्हणाल्या आणि वळल्या. त्या अहवालात त्यांनी 'असावे' लिहिलं नाही. 'होती' असं लिहिलं.

काही महिन्यांनी सुमन एकटी बस बदलत आमच्या विभागात आली. दारात उभी राहिली, आत यायला तयार होईना. टेकडीवर आता रोज कुणी ना कुणी खड्डे पाडत होतं. परगावची माणसं येत होती. नामदेवला सोनं लागलं पण राखणदारानं घेऊ दिलं नाही, अशी गोष्ट पसरली होती.

"बाई, तुमी या," ती म्हणाली. "समद्या गावाम्होरं यंत्र फिरवा आनि सांगा, हितं कायबी न्हाई. तुमचं ऐकतील. मला रातची झोप न्हाई."

साहेबांनी बाईंना जाऊ नका म्हणून सांगितलं. मीही म्हणालो, नका जाऊ. त्या म्हणाल्या, "तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे, आणि ती माझ्या कामातली आहे. कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

गाव जमलं. बाईंनी सगळी टेकडी पुन्हा चालून काढली. लोक बांधावर दाटीवाटीनं उभे राहून बघत होते. नंतर देवळासमोरच्या पारावर त्या बोलल्या. इतकं सोपं, इतकं नेमकं बोलताना मी त्यांना वर्गातही ऐकलं नव्हतं. चुलीतली माती आणि शेतातली माती हातात घेऊन दाखवली. भट्टीतलं एक मडकं सगळ्यांच्या हातांतून फिरवलं. खाली कुंभाराची भट्टी होती, घरांच्या भिंती आहेत, राख आहे. सोनं-नाणं असं काहीही यंत्रानं दाखवलेलं नाही, दाखवूच शकत नाही, म्हणाल्या. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग एक म्हातारा उठला. उद्धटपणे नव्हे, खरोखर कळून घ्यायला त्यानं विचारलं, "बाई, कायबी न्हाई तर मंग तुमी दुसऱ्यांदा कशापायी आलाव?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सुमन पाराच्या कडेला उभी होती. तिच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. माझ्याकडेही बघितलं. त्या आल्या होत्या, हाच सगळ्यांच्या दृष्टीनं पुरावा होता.

त्या दिवसानंतर टेकडीवरचे खड्डे वाढले.

बाईंनी मग कचेऱ्या धरल्या. कुंपण घाला, एखादा रखवालदार ठेवा, म्हणून कुठे कुठे जाऊन बसल्या. मीही बरोबर जायचो. सगळीकडे माणसं आदरानं बोलली, चहा दिला. एका अधिकाऱ्यानं तर मनापासून हळहळून सांगितलं, "मॅडम, जागा संरक्षित यादीत नाही. आधी तिथे खणून काही काढा, मग आपल्याला यादीत घालता येईल." बाई उठल्या आणि नमस्कार करून बाहेर आल्या. एरवी अशा वाक्याचा त्यांनी जिन्यातच समाचार घेतला असता. त्या दिवशी जिना उतरून खाली येईपर्यंत त्या काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुढे पांढरीची माती खत म्हणून ट्रॉल्या भरभरून गेली. नामदेवच्या भावकीनं जमीन विकली, तिथे प्लॉट पडले, मग इमारती आल्या. सुमन भावाकडे गेल्याचं कळलं. बाईंनी दोन-तीनदा निरोप धाडले. ती आली नाही.

बाईंनी शिकवणं सोडलं नाही, पण त्या बदलल्या. शेतावर गेल्या तर संध्याकाळी एकूण एक खुंटी उपटून, सुतळी गुंडाळून, आपल्या पावलांचे ठसेसुद्धा डहाळीनं पुसून निघायच्या. कुणी "काय दिसतंय?" विचारलं की म्हणायच्या, "ओल." कुठेही, कुणालाही, एकच उत्तर. एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, "सर, बाई खेड्यातल्या लोकांना तुच्छ समजतात का?" ज्या बाईनं जन्मभर सगळ्यांना सगळं समजावून सांगितलं, तिला आता साधं खरं बोलायची धास्ती बसली होती. हळूहळू त्या शेतावर जाईनाशा झाल्या. निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणांत त्यांच्या विनोदबुद्धीचं फार कौतुक झालं. समोर बसलेल्या बाई कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल ऐकावं तसं ऐकत होत्या.

त्या वारल्या, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी त्यांच्या कॅम्पातल्या घरी बसलो होतो. दार वाजलं. मी उघडलं तर दारात पिकल्या केसांची एक बाई, हातात पिशवी. "बाई हाईत का?" तिनं विचारलं. मी ओळखलं नाही. बाईंनी आतून आवाजावरूनच ओळखलं.

सुमन मार्केट यार्डात कांदा निवडायच्या कामाला होती. पिशवीत बाईंसाठी वांगी आणि मेथी आणली होती. पत्ता विचारत विचारत आली होती. चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली. मग ती रिकाम्या पिशवीची घडी घालत बसली. जे बोलायला आली होती ते तिला जड जात होतं.

"बाई, एक इचारायचं व्हतं."

"विचार ना."

"आमच्या गावची मानसं येत्यात यार्डात. अजून हसत्यात. म्हनत्यात, नाम्या येडा, जागा चुकला, भलतीकडंच खनून मेला. काल एकानं समद्या बायांम्होरं म्हनलं." तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

बाई म्हणाल्या, "सुमन, अगं तिथं सोनं—"

"सोन्याचं न्हाई इचारत. ऱ्हाऊ द्या ते. त्यो जागा चुकला व्हता का, येवढंच सांगा. तुमाला ठावं हाय."

बाईंनी चष्मा काढला, काडीतला दोरा घट्ट केला आणि पुन्हा घातला. मला वाटलं, त्या म्हणतील, माहीत नाही. म्हणाव्यात असं वाटलं, म्हणू नयेत असंही वाटलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "चुकला नव्हता. मी दाखवलेली जागा होती आणि त्यानं अगदी तिथंच खणलं. बरोबर मध्यावर. या लेलेंनी स्वतः मोजलंय."

सुमननं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मंग झालं," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला, कितीतरी वर्षांनी कुणी ओझं उतरवून घ्यावं तसा. ती उठली, बाईंच्या पाया पडायला वाकली, बाईंनी तिला मधेच धरलं. "उद्या सांगते एकेकाला, बाई सोता बोलल्या म्हनून," म्हणाली. पायऱ्या उतरताना तिनं मागे वळून बघितलं आणि हसली.

बाई कठडा धरून ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होत्या. नंतरही उभ्या राहिल्या.

"हसत गेली हो ती, लेले," त्या म्हणाल्या.

मी आत गेलो, चहाचे कप उचलले आणि मोरीत नेऊन विसळायला लागलो.